नवस माझा, पाय ह्यांचे

नवस बोलताना माणसाचं डोकं ठिकाणावर असायला पाहिजे. माझं नव्हतं. इंदूरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी बसले होते, आत माझ्या नवऱ्याची बायपास चालली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आई भवानी, ह्यांना नीट बाहेर काढ, मी ह्यांना त्यांच्या पायांनी चढवून टेकरीवर तुझ्या दर्शनाला आणीन.’ लोक स्वतःचे उपास बोलतात, स्वतः अनवाणी चालायचं बोलतात, कुणी वर्षभर गोड सोडतं. मी बोलले ते दुसऱ्याचे पाय, आणि तेही न विचारता. विचारणार तरी कसं, तो माणूस भूल देऊन झोपवलेला होता.

टेकरी म्हणजे देवासची. उज्जैनहून गाडीनं तासाभराचा रस्ता. शहराच्या मधोमध डोंगर उभा आहे आणि त्यावर दोन देव्या, मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. दोघी सख्ख्या बहिणी. मध्येच काहीतरी बिनसलं आणि एकमेकींकडे पाठ करून बसल्या, असं तिकडे सांगतात. मला ही गोष्ट पहिल्यापासून पटते, कारण मलाही दोन बहिणी आहेत. आमची कुलदेवी तुळजापूरची, पण माळव्यात येऊन रुजलेली आमच्यासारखी मराठी घरं तुळजापूरला जन्मात एखाद-दोनदा जातात. बाकी लग्नं, जावळं, पोरांचे रिझल्ट, ट्रान्सफर, सगळं टेकरीवरच्या आईला सांगूनच होतं.

ऑपरेशन मस्त झालं. होळीनंतरची गोष्ट. दहाव्या दिवशी आम्ही उज्जैनला माधव नगरच्या घरी परत आलो, आणि दोन-तीन महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की मी इंदूरला नेलेला माणूस आणि परत आणलेला माणूस एक नाही. नेला होता तो रेल्वेचा गार्ड. छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसून गेलेला, रानात गाडी थांबली तर खाली उतरून इंजिनापर्यंत चालत जाणारा. रिटायर झाल्यावरही भाजी आणायला निघाला तर कॉलनीतल्या पोरांना पळत गाठावं लागायचं. परत आला तो छातीवर हात ठेवून चालणारा. कॉलनीच्या गेटपर्यंत जायचं तर तीनदा उभा राहणार. ऊन रणरणत असताना मफलर. शिंक आली तर शिंकायच्या आधी माझ्याकडे बघणार.

मी माझ्याकडून काही कमी पडू दिलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत आठवी-नववीच्या पोरींना विज्ञान शिकवलंय, शिस्त कशी लावायची मला सांगायला नको. बी.पी.चं मशीन आणलं, सकाळ-संध्याकाळ मोजून आकडा कॅलेंडरवर लिहायला लागले. मिठाची बरणी वरच्या कप्प्यात गेली. शेव तर घरातून हद्दपारच झाली, आणि उज्जैनच्या माणसाची शेव बंद करणं म्हणजे काय ते उज्जैनचाच माणूस जाणे. बाथरूमला आतून कडी लावायची नाही असा नियम केला. शिवाय आत गप्प बसायचं नाही, काहीतरी आवाज करत राहायचं, म्हणजे मला बाहेर कळत राहील. गाणं त्यांना येत नाही. मग ते अंघोळ करताना उज्जैन-भोपाळ लाइनवरची स्टेशनं म्हणायला लागले. पिंगलेश्वर, ताजपूर, तराना रोड, मक्सी, बेरछा. कालीसिंधपर्यंत साबण लागायचा आणि शुजालपूरला टॉवेल. एखादं स्टेशन उशिरा आलं की मी दार वाजवायची.

एवढं सगळं करून माणूस सुधारायला पाहिजे की नाही? तर नाही. दिवसेंदिवस जास्तच काचेचा होत चालला. आणि माझ्या डोक्यात तो नवस टिकटिक करत होता. देवीला दिलेला शब्द आहे, शाळेतल्या हेडमास्तरला दिलेला नाही, की उद्या करते म्हणून टाळला. त्याहून खरं सांगायचं तर मला वाटायचं की हा माणूस टेकरी चढला तर माझा नवरा मला परत मिळेल, आणि नाही चढला तर उरलेलं आयुष्य हा मफलरवाला म्हाताराच माझ्या घरात बसून राहील. मला तो नको होता. मला माझा गार्ड हवा होता.

दसऱ्याच्या सुमाराला तपासणी झाली. डॉक्टरांनी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, एकदम फिट आहेत. मी टेकरीचं विचारलं. ते म्हणाले, चढू दे की, सावकाश चढायचं, दमलं की बसायचं, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असू द्यायची. उलट चढलेच पाहिजेत. मी विजयी मुद्रेनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते.

घरी आल्यावर सूर निघाला की टेकरीवर आता रोपवे आहे. पाळण्यात बसायचं, पाच मिनिटांत वर. देवीला काय, भक्त आल्याशी मतलब. मला संताप आला, पण मनातून मीही थोडी विरघळले, कारण तो डोंगर मला रोज स्वप्नात यायला लागला होता. म्हटलं, माहितगाराला विचारू. माहितगार म्हणजे ह्यांची मोठी बहीण. देवासलाच राहतात, दर मंगळवारी टेकरीवर जातात, आणि नवस, उपास, ओटी यातलं आमच्या सगळ्या नात्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मी फोन स्पीकरवर टाकला.

ताईंनी आधी मला नवसाचे नेमके शब्द म्हणायला लावले. दोनदा. मग वकिलासारख्या म्हणाल्या, पायांनी चढवीन म्हणालीस ना, मग रोपवे जमत नाही. मी म्हटलं, रोपवेनं जाऊ आणि पायांनी उतरू, पाय तर लागतातच. त्या म्हणाल्या, देवी वर बसली आहे, खाली नाही. मी म्हटलं, पुण्याहून लेक-जावयाला बोलावते, ते ह्यांच्या बदली चढतील. नाही. मग मी म्हटलं, मी स्वतः दोनदा चढते. त्या म्हणाल्या, तू दहादा चढ गं बाई, पण तुझे पाय तू बोललीच नाहीस. अशी घासाघीस चालली असताना खुर्चीतून ह्यांचा आवाज आला, मला कुणी विचारलं होतं का? ताई म्हणाल्या, तुला कोण विचारणार, तू बेशुद्ध होतास.

त्यावर हे जे उठून आत गेले ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांचं बरोबर असलं की मला जास्तच राग येतो. तिसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून म्हणाले, दिवाळी होऊ दे, मग जाऊन येऊ एकदाचं. मी चहात साखर घालायची विसरले आणि तसाच प्यायले.

दिवाळीनंतरच्या बुधवारी निघालो. मंगळवारी फार गर्दी असते म्हणून बुधवार. मी आदल्या दिवशी भैरवगढच्या छापाची एक चादर ताईंसाठी घेऊन ठेवली होती, ओटीचं सामान वेगळं बांधलं होतं, आणि माझी मोठी पिशवी भरली होती. तीत बी.पी.चं मशीन, ग्लुकोज, दोन पाण्याच्या बाटल्या, डॉक्टरांचे सगळे कागद, शाल, आणि ह्यांचा मोबाइल. मोबाइल मीच ठेवायची, कारण शर्टाच्या खिशात ठेवला की छातीवर वजन येतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

टावर चौकात पोहे खाल्ले. ह्यांच्या पोह्यांवर शेव घालू नका असं मी पोहेवाल्याला सांगितलं तेव्हा त्यानं ह्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की जणू घरात गमी झालीय, कुणी गेलंय. जिलबी मी अर्धी दिली. मग गाडी. गाडी मीच चालवते, ऑपरेशननंतर शिकले, आणि आमचे हे शेजारी बसून रस्ताभर पायानं नसलेले ब्रेक दाबत असतात. ट्रक दिसला की मला ‘देख के, देख के’ म्हणतात. मराठीत नाही म्हणत. आमच्या घरी जीव घाबरला की माणूस हिंदीवर येतो.

देवास जवळ आलं की आधी टेकरीच दिसते, शहर नंतर. मी पाहिलं, ह्यांनीही पाहिलं आणि स्वेटरवरचा मफलर नीट केला. ताई पायथ्याशी उभ्या होत्या, हिरवी साडी, हातात हार, चेहरा लग्नाला आल्यासारखा. त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्या रोपवेनं जाणार होत्या. ओटीचं सामान त्यांनी माझ्या हातातून घेतलं, भावाच्या पाठीवर थाप मारली, मी घाबरून बघितलं, आणि ‘वर भेटा’ म्हणून त्या निघूनसुद्धा गेल्या. बहिणी बऱ्या, त्यांना भावाला काही होईल असं वाटतच नाही.

आम्ही चढायला लागलो. हे पुढे आणि मी एक पायरी मागे, म्हणजे पडलेच तर झेलता येतील. माझं वजन पाहिलं तर आम्ही दोघंही घरंगळत थेट बाजारात गेलो असतो, पण बेत असा होता. वीस पायऱ्या झाल्या की मी थांबायला लावायची. थांबले की विचारायची, धाप लागतेय का, छातीत काही होतंय का, डावा हात दुखतोय का. ते नाही म्हणायचे. मी म्हणायची, नीट आठवून सांगा. मग ते छातीवर हात ठेवून आठवायला लागायचे, आणि मग त्यांना थोडंसं काहीतरी होतंय असं वाटायचं. पुढच्या वीस पायऱ्यांना आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

आजूबाजूनं जग चाललं होतं. खेड्यातून आलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गप्पा मारत चढत होत्या. एक नवं जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. एक नव्वदीची आजीबाई काठी टेकत ‘जै माता दी’ म्हणून आम्हाला मागे टाकून गेली, ते मला अजिबात आवडलं नाही. बघता बघता मधला टप्पा आला. तिथे एका बाकड्यावर हे बसले. मी पिशवीतून बी.पी.चं मशीन काढलं आणि चारचौघांत ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दोन बाया थांबून बघायला लागल्या. आकडा थोडा वर होता. मी तो मोठ्यांदा वाचला.

हे म्हणाले, परत जाऊ.

मग मात्र माझा तोल गेला. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं त्या पायरीवर बाहेर आलं. मी म्हटलं की तुम्ही भित्रे झाला आहात, डॉक्टर ओरडून सांगतायत की काही झालेलं नाही तरी तुम्ही छाती धरून बसता, मी रात्रंदिवस मरते आणि तुम्ही एक टेकरी चढू शकत नाही, देवीपुढे माझी मान खाली घालायला लावता. मी शाळेतल्या आवाजात बोलत होते आणि तो आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. बघणाऱ्या दोन बायांच्या चार झाल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण नवऱ्याला बोलणी बसतायत हे कळायला भाषा लागत नाही.

ह्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग दंडावरचा पट्टा स्वतः सोडला, गुंडाळला, माझ्या हातात दिला.

“मला भीती नाही वाटत गं,” ते म्हणाले. “तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा वाटते.”

मी पट्टा पिशवीत कोंबला. ते बोलतच राहिले.

“सकाळी उठतो तेव्हा मला बरं वाटत असतं. मग तू येतेस आणि माझ्या तोंडाकडे बघतेस. तुझा चेहरा बघितला की वाटतं, हिला काहीतरी दिसलंय, मला सांगत नाहीये. मग मी छातीवर हात ठेवतो. आठ महिने मी असाच चाललोय.”

राग नव्हता त्यांच्या आवाजात. गाडी लेट का झाली ते कंट्रोल रूमला कळवावं तसं सरळ सांगत होते. आणि मला एकदम सगळ्या सकाळी आठवल्या, एकामागून एक. मी चहाचा कप पुढे करते आणि कपाकडे न बघता त्यांच्या ओठांचा रंग बघते. मी दारातून आत येते आणि आधी त्यांचा श्वास बघते. मला वाटत होतं मी माझी भीती पदराखाली झाकून ठेवलीय आणि हा माणूस आपल्याच मनानं घाबरतोय. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना ती डोळ्यांनी पाजत होते. मला फार वाईट वाटलं.

मग ते म्हणाले, तू पुढे जा. वर जाऊन ताईजवळ बस. मागे वळून बघायचं नाही. मी माझ्या हिशेबानं येतो, न जमलं तर खाली जाऊन गाडीत बसतो, पण माझं मी ठरवीन. मी म्हटलं, आणि काही झालं तर? ते म्हणाले, इथे एवढी माणसं आहेत, ती काय नुसती बघत राहतील? गोळी त्यांनी माझ्या पिशवीतून काढून शर्टाच्या खिशात टाकली, खिसा थोपटून मला दाखवला. पिशवी मात्र घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, तो तुझा दवाखाना तूच ने.

मी निघाले. मागे वळून न बघणं एवढं कठीण असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दहा पायऱ्या कशातरी गेल्या. पुढे मान आपोआप वळायला लागली, तेव्हा मी भिंतीवर लिहिलेली दानशूरांची नावं वाचायला लागले. कुणी पायऱ्यांना फरशी दिली, कुणी पाण्याची टाकी दिली. सगळी नावं वाचून झाली. कान मागे लागलेले. कुणी खोकलं की वाटायचं हेच. कुणी ओरडलं की पाऊल अडायचं. आणि चढताना मला स्वतःलाच केवढी धाप लागली होती. आठ महिन्यांत माझं बी.पी. मी एकदाही मोजलेलं नव्हतं.

शेवटी मी चोरटेपणा केलाच. खालून येऊन एक बाई माझ्या बरोबरीनं चढायला लागली, तिला मी मान न वळवता, समोर बघतच विचारलं, पीछे एक अंकल आ रहे हैं क्या, स्वेटर और मफलरवाले? तिनं वळून चांगलं निरखून पाहिलं. म्हणाली, “नहीं दीदी, मफलरवाला तो कोई नहीं है।”

मी थांबले. कठडा धरला. परत गेले असावेत? की बाकड्यावरच आडवे? की त्यांना कुणी उचलून नेलं असेल? एक पाय मी खालच्या पायरीवर टाकलासुद्धा. फक्त मान वळवायची होती. आणि तेव्हा मला वाटलं, आत्ता मी धावत खाली गेले आणि हे ठीक असले, तर माझा हा असा चेहरा त्यांना दिसेल, आणि मग ते कधीच चढणार नाहीत. आजही नाही, परत कधीच नाही. मी तो पाय उचलून परत वर घेतला. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा जड काही उचललेलं नाही. राहिलेल्या पायऱ्या मी रडत चढले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, बाईची काय भक्ती आहे.

वर ताई एका कट्ट्यावर हार मांडीत घेऊन बसल्या होत्या. मला एकटीला बघून त्यांनी भुवया वर केल्या. मी सगळं सांगितलं. मग एकदम आठवलं, फोन करू. ह्यांचा नंबर लावला आणि माझ्याच पिशवीत घंटा वाजायला लागली. ताई इतक्या हसल्या की हार खाली पडला. मला त्यांचा असा राग आला, असा राग आला, आणि मग मलाही हसू फुटलं. रडणं आणि हसणं एकदम आलं की माणूस फार विचित्र दिसतो.

ताईंनी मला हाताला धरून कठड्याशी नेलं, म्हणाल्या, जिना सोडून दुसरीकडे कुठेही बघ. खाली देवास पसरलेलं होतं. मी लहानपणी आले तेव्हा हे केवढंसं होतं, आता नजर पोचेल तिथवर घरं, पाण्याच्या काळ्या टाक्या, कारखान्यांचे पत्रे, तलाव, आणि मधून सरळ गेलेले रस्ते. ताई मला बोटानं दाखवत होत्या, ते माझं घर, ती नातवाची शाळा, इथे पूर्वी एका गावात दोन राजे होते आणि रस्त्याच्या ह्या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. मी हो हो म्हणत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. रोपवेचे पाळणे येत होते, रिकामे होत होते, परत जात होते. एवढी माणसं वर येत होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. पंधरा मिनिटं झाली असतील, किंवा वीस. ताईही बोलायच्या थांबल्या, ते मला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. मी मनात देवीला म्हटलं, नवस राहू दे, तुला काय करायचं ते मला कर, फक्त हा माणूस कुठेतरी ठीक बसलेला असू दे, खाली गाडीत का होईना.

मग मला ह्यांचा आवाज आला. जिन्याकडून. जोरजोरात कुणाला तरी सांगत होते की मालगाडी चढणीवर अडली तर मागून दुसरं इंजिन लावतात, पण ढकलणारं इंजिन फार ढकलत सुटलं तर मधले डबेच रुळावरून उतरतात. मी मान खाली घालून फरशी बघत उभी राहिले. ताई म्हणाल्या, “आला.” त्यांचा आवाज कापत होता, म्हणजे बहिणींनाही वाटतं तर.

आवाज जवळ आला, पायऱ्यांवरची चपलांची फटफट थांबली, बोलणं संपलं, बरोबरच्या माणसाला राम राम झाला. तरी मी वर पाहिलं नाही. त्यांनी मला सांगितलं होतं बघू नको, आणि कधीपर्यंत ते सांगितलं नव्हतं. ते माझ्या शेजारी येऊन कठड्याला टेकले. मी समोरच्या शहराकडे बघत राहिले. धाप ऐकू येत होती, चढून आलेल्या कुणालाही लागते तशी. विचारायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. गिळलं.

“आता बघ,” ते म्हणाले.

मी बघितलं. स्वेटर कमरेला बांधलेला, मफलर त्यातच कोंबलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, तोंड घामानं डबडबलेलं. दाढी वाढली होती. चष्म्याची एक काडी वाकडी झाली होती, ती कधी झाली मला माहीतच नव्हतं. कानाजवळचे केस पार पांढरे झालेले. आठ महिने मी ह्या माणसाचा श्वास बघितला, ओठांचा रंग बघितला, पायांची सूज बघितली, आणि चेहरा बघायचा तेवढा राहूनच गेला होता. मी बघतेय बघून ते हसले, आणि मी कितीही वेळ बघत राहिले तरी त्यांचा हात छातीकडे गेला नाही.